विश्लेषण : ओवाळणी की मजुरी? उजव्या अर्थकारणाची परीक्षा भंडाऱ्याच्या बांधीत

जुलै महिना. रोवणीचे दिवस. भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी आठ वाजता गेलात तर घरं रिकामी दिसतील. बायका बांधीत वाकलेल्या असतात. पायाखाली चिखल, हातात परे, डोक्यावर पाऊस. दुपारी जेवायला धुऱ्यावर बसल्यावर कुणीतरी पदराच्या गाठीतून किंवा प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढते आणि पहिला प्रश्न येतो, 'लाडकीचे पैसे आले का?'

जुलै २०२४ पासून हा प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणाचा मध्य झाला आहे. पण त्याच धुऱ्यावर दुसराही एक प्रश्न असतो. तो फोनवर येत नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही. यंदा रोवणीची मजुरी किती, आणि रोवणी संपल्यावर काम कुठे?

या दोन प्रश्नांमधले अंतर समजले की देशात सध्या चाललेला एक मोठा वाद समजतो. कामगार आणि कुटुंबांना आधार देण्याची जबाबदारी उजव्या, परंपरावादी विचाराच्या सरकारांनी कशी पार पाडावी, हा तो वाद. केंद्रात आणि राज्यात त्याच विचाराची सरकारे आहेत. त्यामुळे प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या घरातला आहे.

उजवे अर्थकारण म्हणजे फक्त 'बाजाराला मोकळे सोडा' का?

नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. उजव्या अर्थविचारात दोन प्रवाह आहेत.

पहिला प्रवाह सांगतो : कर कमी करा, कारखान्यांवरची बंधने सैल करा, गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल आणि मजुरी आपोआप चढेल. सरकारने फार मध्ये पडू नये.

दुसरा प्रवाह सांगतो : समाजाचा पाया कुटुंब आहे. बाजार कुटुंबाला मोडत असेल तर सरकारने कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पण मदत अशी हवी की माणसाचे काम आणि स्वाभिमान टिकेल.

या दुसऱ्या प्रवाहाची जगातली उदाहरणे जुनी आहेत. जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा १८८३ मध्ये आला. तो आणणारा बिस्मार्क समाजवाद्यांचा कट्टर विरोधक होता. अमेरिकेत १९७५ पासून एक करसवलत आहे : कमी पगारावर काम करणाऱ्या कुटुंबाला सरकार वरून पैसे देते, पण अट एकच, घरात कुणीतरी कमावते असले पाहिजे. रोनाल्ड रेगन यांच्या काळात, १९८६ मध्ये, ती सवलत वाढवली गेली. पोलंडच्या परंपरावादी सरकारने २०१६ मध्ये मुलामागे दरमहा ५०० झ्लॉटी देणे सुरू केले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कॉन्झर्वेटिव्ह सरकारने किमान वेतनाचा नवा, चढा दर लागू केला.

म्हणजे गरिबाच्या हातात पैसा देणे ही केवळ डाव्यांची कल्पना नाही. खरा मुद्दा हा, की तो पैसा कोणत्या नात्याने द्यायचा.

याचा विदर्भाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. भारतातल्या या दुसऱ्या प्रवाहाचा सर्वात मोठा विचारक विदर्भातला. दत्तोपंत ठेंगडी. जन्म १९२०, वर्धा जिल्ह्यातील आर्वी. त्यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला आणि १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच. दोन्ही संघटना संघ परिवारातल्या.

ठेंगडींची मांडणी डाव्यांपेक्षा वेगळी होती. मालक आणि मजूर हे जन्मजात शत्रू आहेत, हे त्यांना मान्य नव्हते. १ मे ऐवजी विश्वकर्मा जयंती हा कामगार दिन, हा त्यांच्या संघटनेचा आग्रह. पण याचा अर्थ ते मालकांच्या बाजूचे होते असा नाही. दिवाळीचा बोनस ही मालकाची कृपा नसून थकलेली मजुरी आहे, ही भूमिका मजदूर संघाने लावून धरली. वाजपेयी सरकारने कामगार कायदे सैल करण्याची तयारी केली तेव्हा आपल्याच परिवारातील सरकारविरुद्ध ठेंगडी उभे राहिले. २००३ मध्ये जाहीर झालेला पद्मभूषण त्यांनी स्वीकारला नाही.

'बोनस म्हणजे थकलेली मजुरी' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

भंडाऱ्याची भूमीही या चर्चेला नवखी नाही. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून उभे होते. ते हरले. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळलेला, कामाचे तास कमी करण्यासाठी आणि किमान वेतनाच्या कायद्यासाठी झटलेला नेता या जिल्ह्याने नाकारला. दोन सदस्यांच्या त्या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. मजुरीचा प्रश्न घेऊन इतके वेगवेगळे लोक ज्या जिल्ह्यात आले, तिथे तो आजही सुटलेला नाही.

लाडकी बहीण : मदत आहे, पण कोणत्या नात्याने?

आधी सरळ गोष्ट. योजनेत २१ ते ६५ वयोगटातील महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. वर्षाचे झाले १८,००० रुपये.

शेतमजूर घरासाठी ही रक्कम लहान नाही. किराण्याची उधारी फिटते, मुलीची फी जाते, दवाखान्याला जाताना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. 'फुकटचे पैसे' म्हणून शहरात बसून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा रोवणी करून पाहावी. बाईच्या नावावर, बाईच्या खात्यात पैसा जाणे हा बदल मोठा आहे आणि तो टिकला पाहिजे.

पण योजनेचे नाव नीट पाहा. नावातच नाते आहे. सरकार भाऊ, बाई बहीण. म्हणजे हे पैसे झाले ओवाळणी. ओवाळणी प्रेमाने मिळते, हे खरे. पण किती घालायची आणि कधी घालायची हे भाऊ ठरवतो. बहीण हिशेब मागत नाही.

झालेही तसेच. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २,१०० रुपयांचे आश्वासन होते. निवडणुकीनंतरच्या पहिल्या अर्थसंकल्पात, २०२५-२६ साठी, योजनेची तरतूद ४६,००० कोटींवरून ३६,००० कोटींवर आली. रक्कम १,५०० वरच राहिली. मग निकषांची तपासणी झाली, ई-केवायसी आली. अपात्रांना वगळण्यात गैर काही नाही. पण जिची ई-केवायसी अडकली, ती बाई केवळ त्यामुळे अपात्र होत नाही.

मजुरी वेगळी असते. ती ठरलेली असते, मागता येते, थकली तर भांडता येते. ओवाळणी भावाच्या मनावर, मजुरी बाईच्या हक्कावर. कुटुंबाचा आधार सरकारच्या मनावर ठेवायचा की कायद्याच्या हक्कावर, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

हक्काची मजुरी महाराष्ट्रानेच शोधली होती. ती कुठे गेली?

पगारदार वाचकांनी आपली पगाराची स्लिप उघडावी. 'व्यवसाय कर' नावाने दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. वर्षाला २,५०० रुपये. (महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही.) हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना आकाराला आली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुरीची हमी, असा तो सौदा होता.

ही योजना आणली काँग्रेसच्या राजवटीने. पण तिचा गाभा कोणत्याही परंपरावादी माणसाला पटावा असा आहे : दान नाही, काम. गाव सोडायचे नाही, घर मोडायचे नाही, गावातच तलाव, बांध, रस्ता उभा करायचा. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात देशातले जे २०० जिल्हे निवडले, त्यात भंडारा होता.

भंडाऱ्यात या कामाला तोटा नाही. हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले 'मामा तलाव', आणि शेतातल्या बोड्या गाळाने भरत आहेत. गाळ काढला की मजुरी मिळते आणि पुढच्या वर्षी धानाला पाणी.

२०२५-२६ साठी महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. शंभर दिवस काम मिळाले तर ३१,२०० रुपये. म्हणजे लाडक्या बहिणीच्या वर्षभराच्या रकमेपेक्षा १३,२०० रुपये जास्त. पण 'मिळाले तर' हे दोन शब्द महत्त्वाचे. पूर्ण शंभर दिवस मिळणारी घरे थोडी आणि मजुरी थकण्याची तक्रार जुनी.

नव्या रोजगार कायद्याने काय बदलेल?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. तीन गोष्टी समजून घ्या.

एक, हमीचे दिवस १०० वरून १२५. ३१२ च्या दराने धरले तर ३९,००० रुपये. कागदावर ही वाढ चांगली आहे.

दोन, खर्चाची वाटणी. आधी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र करत असे. आता महाराष्ट्रासारख्या राज्यांना ६०:४० प्रमाणे ४० टक्के भार उचलायचा आहे. लाडकी बहीण योजनेने आधीच तिजोरी ताणलेली असताना राज्य हा वाटा वेळेवर देईल का? ओवाळणीसाठी मजुरी कापली जाण्याची भीती इथे खरी आहे.

तीन, पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षभरात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद. कारण दिले जाते की शेतकऱ्याला मजूर मिळत नाहीत.

धान उत्पादकाची ही अडचण खोटी नाही. रोवणी लांबली की उत्पादन घटते. सगळ्यांचे परे एकाच वेळी तयार होतात आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात बायका हव्या असतात. मात्र दुसरी बाजूही पाहा. सरकारी काम सुरू असते तेव्हा मजूर बाईच्या हातात एक उत्तर असते : 'तुम्ही इतके देत नसाल तर मी रोहयोवर जाते.' ती तिथे जात नाही, पण तिला तसे म्हणता येते. या एका वाक्याने खासगी मजुरीचा तळ ठरतो. काम बंद ठेवले की ते वाक्य जाते. हुंडा पद्धतीने रोवणी घेणाऱ्या टोळ्यांना हंगामात चार पैसे जास्त मागता येतात. टोळीत नसलेल्या, वय झालेल्या, एकट्या बाईला ते जमत नाही.

शिवाय भंडाऱ्यात खरिपासोबत उन्हाळी धानही होते. हंगाम दोन, सिंचनाप्रमाणे तालुक्यागणिक वेगळे. पवनीचे वेळापत्रक तुमसरला लागू पडेलच असे नाही. निर्णय जितका खाली, लोकांच्या जवळ, तितका चांगला, हे तर उजव्या विचाराचेच तत्त्व. मग कोणते दिवस बंद ठेवायचे हे मुंबईत कशाला ठरवता? ग्रामसभेला ठरवू द्या.

धानाचा बोनस कुणाला मिळतो?

२०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०२३ पासून शेतकऱ्याला ३,१०० रुपये मिळतात, एकरी २१ क्विंटलच्या मर्यादेत. फरक ७३१ रुपयांचा.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. आधी क्विंटलमागे बोनस असे. त्यात व्यापाऱ्यांचे धान शेतकऱ्यांच्या नावावर खपवल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. मग हेक्टरी रक्कम आली. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती हेक्टरी २०,००० रुपये होती, दोन हेक्टरच्या मर्यादेत.

साधा हिशेब करू. समजा एका हेक्टरला ४० क्विंटल धान झाले. छत्तीसगडच्या दराने जास्तीचे २९,२४० रुपये मिळतील, महाराष्ट्रात २०,०००. पण पीक बुडाले तर छत्तीसगडच्या शेतकऱ्याला त्या वाढीव भावाचा उपयोग नाही, आपल्याला हेक्टरी रक्कम मिळते. लहरी पावसात ही पद्धत अगदीच वाईट नाही.

दोष दुसरीकडे आहे. हा बोनस सातबाऱ्याला मिळतो, घामाला नाही. जमीन ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यात पैसे. बटईने किंवा ठेक्याने शेती करणारा नांगरतो, चिखलणी करतो, रोवतो, कापतो, चुरतो. पण सातबारा दुसऱ्याचा. नागपुरात नोकरी करणाऱ्या मालकाला बोनस आणि बांधीत उभ्या माणसाला काहीच नाही, असे होऊ शकते. तोंडी करारावर चालणाऱ्या बटईला सरकारदरबारी ओळखच नाही. कष्टाचा सन्मान हे ज्या विचाराचे ब्रीद, त्याच्या धोरणात कष्ट करणाराच अदृश्य राहतो.

बिडीच्या सुपात काय पडले?

भंडारा आणि गोंदिया (१ मे १९९९ पर्यंत हा एकच जिल्हा होता) यांची जुनी ओळख बिडी. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायची आणि वर्षभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. हे काम घरी बसून होते. मूल सांभाळत, स्वयंपाक करत. 'कुटुंब आणि काम एकत्र' याचे चित्र काढायचे तर हेच निघेल. पण त्या चित्रात तंबाखूची धूळ आहे, दुखणारी पाठ आहे आणि हजारी बिड्यांवर मिळणारी तुटपुंजी मजुरी आहे.

या बायकांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. १९७६ मध्ये बिड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला; त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर संपला. निधी आता अर्थसंकल्पातून येतो. म्हणजे इथेही हक्काची ठरलेली वाटणी गेली आणि दरवर्षीची मर्जी आली.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्के करण्याचे ठरवले. गुटखा-सिगारेटला मात्र ४० टक्क्यांचा टप्पा. बिडी कामगार वाचवण्यासाठी हे केले, असे समर्थन झाले. स्वदेशी जागरण मंचाचीही मागणी तशीच होती.

आरोग्याच्या अंगाने या निर्णयावर टीका झाली आणि ती रास्त आहे. बिडी सिगारेटपेक्षा कमी घातक नाही. पण कामगाराच्या अंगानेही एक प्रश्न उरतो. कर दहा टक्क्यांनी कमी झाला, तर त्यातला एक पैसा तरी वळणाऱ्या बाईला मिळेल याची तरतूद कुठे आहे? ती कुठेच नाही. कारखानदाराला सवलत द्या, ती झिरपत खाली येईल, हा पहिला प्रवाह झाला. कामगाराचे नाव पुढे करून घेतलेला निर्णय कामगारापर्यंत पोहोचलाच पाहिजे, हा दुसरा. करसवलतीला हजारी मजुरीच्या वाढीची अट जोडणे सरकारला अशक्य नव्हते.

नव्या श्रम संहिता : मजदूर संघच का अडखळतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. बिडी कामगारांचा १९६६ चा कायदाही त्यात विलीन झाला. किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना, ठरावीक मुदतीच्या नोकरीतही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी, या गोष्टी स्वागतार्ह आहेत. मजदूर संघाने वेतन आणि सामाजिक सुरक्षेच्या संहितांचे स्वागत केले. औद्योगिक संबंध आणि कामाच्या सुरक्षेच्या संहितांवर मात्र आक्षेप ठेवले. कारण ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला आता कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. आधी ही मर्यादा १०० होती.

अभियांत्रिकीला असताना मी एका कारखान्यात प्रशिक्षणाला होतो. एकाच यंत्रावर दोन माणसे, एकाच पाळीत. एक कायम, एक कंत्राटी. काम तेच, घाम तोच, पगार निम्म्याहून कमी. कंत्राटी माणसाने मला यंत्र शिकवले आणि म्हणाला, 'तुम्ही साहेब व्हाल, मी इथंच.' त्याचा दर दिवाळीपूर्वी ब्रेक होत असे, बोनस द्यावा लागू नये म्हणून. संहितेत काय लिहिले आहे यापेक्षा ते तपासायला कोण येतो, हे मला तेव्हापासून जास्त महत्त्वाचे वाटते. वरठीचा पोलाद कारखाना असो, जवाहरनगरची आयुध निर्माणी असो की तुमसर तालुक्यातील मॅंगनीजच्या खाणी, भंडाऱ्याच्या तरुणाला या दारांशी उभे राहिल्यावर पहिला प्रश्न 'कायम की कंत्राटी' हाच असतो. उत्तर मनासारखे नसेल तर तो पुण्याची गाडी पकडतो. मागे उरतात आई-वडील आणि कुलूप लावलेल्या खोल्या. कुटुंब टिकवायचे धोरण असेल, तर त्याची सुरुवात इथून होते.

मग करायचे काय?

सरकारने आपल्याच विचाराशी प्रामाणिक राहावे, एवढीच अपेक्षा. पाच गोष्टी.

१. लाडकी बहीण योजनेला कायद्याचा आधार द्या. रक्कम आणि तारीख ठरवून टाका. निवडणुकीत वाढवायची आणि नंतर विसरायची, हे बंद करा.

२. व्यवसाय करातून दरवर्षी किती पैसा आला आणि त्यातला किती रोजगार हमीच्या मजुरीवर गेला, हे सरकारने जाहीर करावे. राज्याचा ४० टक्के वाटा आधी यातूनच बाजूला काढावा.

३. रोजगाराचे बंद दिवस ग्रामसभांच्या ठरावाने ठरवा आणि त्या दिवसांत शेतमजुरीच्या किमान वेतनाची तपासणी करा.

४. धानाच्या बोनसमध्ये प्रत्यक्ष कसणाऱ्याचा वाटा ठरवा. बटईची साधी नोंद, मालकाच्या मालकी हक्काला धक्का न लावता, ग्रामपंचायतीत करता येईल.

५. बिडीवरच्या करसवलतीला मजुरीवाढीची अट घाला आणि ज्या बायकांना हे काम सोडायचे आहे त्यांना मोहाडीच्या कोसा विणकामासारख्या पर्यायी कामात उतरण्यासाठी मदत करा.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी डावे व्हावे लागत नाही. ठेंगडींचे वाक्य फक्त थोडे पुढे न्यावे लागते. बोनस ही थकलेली मजुरी असेल, तर रोवणाऱ्या, वळणाऱ्या, गाळ काढणाऱ्या बाईचीही बरीच मजुरी थकलेली आहे.

भाऊबीजेला ओवाळणी जरूर घाला. पण बहिणीची मजुरी दाबून घातलेल्या ओवाळणीला आपल्या घरांतही कुणी मोठेपणा म्हणत नाही.